ओठ मिटण्याची जागा

ती आली तेव्हा वहिनी कचेरीच्या खिडकीच्या काचा पुसत होत्या आणि भावोजी पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. थोरला भाऊ गेल्यावर त्याची ही खासगी तपासाची कचेरी वहिनींनी चालवायला घेतली आणि ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या या धाकट्या दिराला 'नुसते सोबत बसा' म्हणून ओढून आणलं. भावोजी गाडी चालवत, आलेल्याला पाणी देत आणि प्रत्येक प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घेत.

मुलगी नुकतीच लग्न झालेली होती, पण नवी नवलाई चेहऱ्यावर औषधालाही नव्हती. हातात भरलेली बॅग होती. ती खाली ठेवायलाही ती तयार नव्हती.

"मला वेड लागलंय की नाही, एवढंच सांगा," ती म्हणाली. "लागलं असेल तर मी इथूनच आईकडे जाते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती आवाज देण्याचं काम करायची. परभाषेतला टीव्हीचा एक थरारपट आपल्या भाषेत येत होता. त्यात एका नव्या नवरीच्या मागे एक माणूस हात धुऊन लागतो, आणि त्या नवरीचा आवाज हिचा होता. गेल्या आठवड्यात काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन आला. कुणीतरी पुरुष कुजबुजत होता आणि बोलत होता सिनेमातल्या त्या माणसाचे संवाद. तेव्हापासून जेव्हा जेव्हा दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग असतं, तेव्हा तेव्हा आदल्या संध्याकाळी फोन येतोच. नवरा घरात असताना मात्र कधी येत नाही. तो म्हणतो, तुला भास होतात.

"पहिल्या दिवशी काय म्हणाला? शब्दाला शब्द सांगा," वहिनी म्हणाल्या.

"ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं हाच माझा धंदा आहे." तिने डोळे मिटले आणि आवाज खाली नेला. "दिवा... मालवू नकोस. मला तू दिसली पाहिजेस."

भावोजींनी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "मालवू? हल्ली कोण बोलतं असं? आमची आजी म्हणायची."

"मध्ये थांबलात ते का?" वहिनींनी विचारलं.

"तो थांबला म्हणून. दिवा म्हणाला आणि आवंढा गिळावा तसा थांबला."

त्या दिवसापासून ती दिवा लावूनच झोपत होती. नवरा डोळ्यांवर टॉवेल टाकून पडायचा आणि कूस बदलत राहायचा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यांत दोघांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'कुलूप लावलंस का' एवढ्यावर आलं होतं.

"उद्या सकाळी शेवटचा प्रसंग आहे. म्हणजे आज फोन येणार," ती म्हणाली. "आला की मी घर सोडणार. कारण..." तिने बॅगेची पट्टी हाताभोवती गुंडाळली. "हे संवाद माझ्याकडून घरी पाठ करून घेतले ते माझ्या नवऱ्याने. त्या माणसाचं सगळं तोच वाचायचा."

*

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारच्या सुट्टीत तो घरी आला. खांदे पाडून बोलणारा, पण वाकड्यात शिरलेला माणूस. बायकोचं कुणीतरी जुनं असावं, असं त्याच्या मनात होतं. ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण लपवताही आलं नाही. वहिनींनी घरातली संवादांची प्रत त्याच्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं.

"दिवा विझवू नकोस मला तू दिसली पाहिजेस," त्याने दुकानाची पाटी वाचावी तसं एका दमात वाचलं.

सिनेमा पाहिलात का, असं वहिनींनी विचारलं. मी कुठून पाहणार, असं त्याने उलट विचारलं. तिथे बाहेरच्या माणसाला सोडतच नाहीत. बायकोलाही तिच्या वाट्याचे तुकडेच दाखवतात, त्यातही ती जिचा आवाज देते तिचा चेहरा तेवढा.

जिना उतरताना भावोजी हळूच म्हणाले, "हाच. डोळे बघितलेत त्याचे?"

"झोप नसली की सगळ्यांचेच तसे होतात, भावोजी. तुमचे बघा आरशात."

*

स्टुडिओ एका छापखान्याच्या वर होता. भिंतींना जाड कापड, मध्ये काच, काचेपलीकडे माइक. तिथे प्रत्येकजण एकटा येतो, आपलं तेवढं बोलतो आणि जातो. नवरी आणि तिचा पाठलाग करणारा आजवर समोरासमोर आलेही नव्हते.

तिथलं काम बघणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. अर्ध्या शहराला माइकसमोर उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. बोलणं गोड, पण नजर कायम समोरच्याच्या ओठांवर. भावोजी बोलताना अडखळू लागले.

फोनचं ऐकून मास्तर हळहळले. पोरगी गुणी आहे, म्हणाले. "चाचणी घेतली तेव्हा आवाज नुसता पुठ्ठा होता. आता ऐका." त्यांनी खूण केली आणि खोलीभर तिचा आवाज पसरला. "मला जाऊ दे... माझ्या घरी जाऊ दे." भावोजींनी खाली बघितलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. गोड काहीतरी जिभेवर विरघळत असावं तसे.

मग त्यांना घाई झाली. उद्या लवकर यायचं होतं, म्हणून ते निघून गेले.

मागे दोघे उरले. एक ध्वनिमुद्रक. उंच, वाळका आणि अबोल, म्हणून सगळे त्याला खुंटी म्हणत. दुसरा होता लाडोबा, सिनेमातल्या त्या माणसाचा आवाज. शहरातले सगळे खलनायक या गोलमटोल माणसाच्या गळ्यातून बोलत आणि घरी झुरळ निघालं की हा खुर्चीवर चढत असे. हे त्याने स्वतःच सांगितलं.

"परवाच माझं काम झालं," लाडोबा सांगू लागला. "बाहेरगावच्या बाई संवाद लिहून पाठवतात. चांगलं लिहितात, पण चित्र न बघता. त्या दिव्याच्या वाक्याशी घोडं अडलं. मी आपला विझवू, विझवू करतोय. पण चित्रातला बाबा दिवा म्हणतो, मध्येच थांबून खिडकीचा पडदा ओढतो आणि मग पुढचं बोलताना ओठ घट्ट मिटतो. विझवू म्हणताना माझे काही केल्या मिटेनात."

"मग?"

"मग मास्तर! तिथल्या तिथे म्हणाले, मालवू म्हण. म वर ओठ मिटतात की नाही? असा बसला शब्द. काय डोकं आहे बुवा. याआधी कुणालाच सुचलं नव्हतं, विचारा खुंटीला."

खुंटीने मान हलवली.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. पलीकडून मुलगी म्हणाली, "आत्ता आला होता. 'उद्या शेवटचं.' एवढंच म्हणाला. मी निघते."

"नवरा?"

"दुकान बंद करून निघालाय. वाटेत असेल."

भावोजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं. वहिनी फोनमध्ये एवढंच म्हणाल्या, "बॅग घेऊन आमच्याकडे या. एक रात्र. सकाळी सांगते तुम्हाला वेड लागलंय का ते."

*

सकाळी सगळे काचेच्या अलीकडे जमले. नवराही आला होता. रात्रभर बायको कुठे होती हे त्याला वहिनींनीच कळवलं होतं. मुलगी त्याच्यापासून शक्य तितक्या लांब उभी राहिली आणि त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "याच्यासमोर मी बोलणार नाही."

नवरा मागे सरकून दाराशी जाऊन उभा राहिला.

"काल फोन आला तेव्हा खुंटी आणि लाडोबा माझ्या समोर होते," वहिनी म्हणाल्या. "ते सुटले. लिहिणाऱ्या बाई बाई आहेत आणि आवाज पुरुषाचा आहे. राहिले दोघे. यजमान आणि मास्तर."

"अहो, काय हे?" मास्तर हसले.

"यजमानांकडे कागद होता. कागदावर आहे विझवू, तेही मध्ये न थांबता. काल त्यांनी वाचलं तसंच. फोनवरचा माणूस मात्र दिवा म्हणून थांबला. कागदावर नसलेली जागा त्याने सोडली, कारण चित्रातला माणूस तिथे खिडकीचा पडदा ओढतो. म्हणजे त्याने चित्र बघितलेलं होतं."

"चित्र खुंटीनेही बघितलंय," भावोजी पुटपुटले.

"खुंटी काल समोर होता, भावोजी. आणि आता शब्द. लाडोबा म्हणतात, मालवू हा शब्द परवा, इथे, तिथल्या तिथे जन्मला. पण या मुलीने तो गेल्या आठवड्यात ऐकला. जन्माआधी." त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला तो परवा सुचला नाही. चित्र एकट्याने बघताना आधीच सुचला होता. ओठांवर बसतो का, हे तुम्ही तिच्या फोनवर म्हणून बघितलंत. सवय. चुकीचा शब्द तुमच्या तोंडून निघेचना."

लाडोबा मास्तरांपासून दोन पावलं मागे सरकला.

मास्तर हसायचे थांबले, पण ओशाळले नाहीत. "मी तिला बोट तरी लावलं का?" ते म्हणाले. "पुठ्ठा होता आवाज. बघा आता. असं काम तिला जन्मात जमलं नसतं. एक दिवस तीच माझे आभार मानेल."

मुलगी काचेपाशी गेली.

"माझं सगळं पुसा," ती खुंटीला म्हणाली.

"पुसू नकोस," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "अरे, पुन्हा नाही मिळणार ते. ऐक माझं."

खुंटीने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याचा लांब हात कळीवर गेला. पडद्यावरची नवरी ओठ हलवत राहिली. आवाज आला नाही.

"पोलिसांना मी कळवलंय," वहिनी मास्तरांना म्हणाल्या. "बसा."

नवरा दाराशी बॅग घेऊन उभा होता. मुलगी त्याच्यासमोर येऊन थांबली.

"मला वाटलं, तूच आहेस."

"आणि मला वाटलं, तुझं कुणीतरी आहे," तो म्हणाला. "मी भास म्हणत होतो ते तोंडदेखलं."

तिने बॅगेसाठी हात पुढे केला. "राहू दे, जड आहे," तो म्हणाला. दोघे जिना उतरले. मध्ये तिसरं माणूस सहज मावेल एवढं अंतर ठेवून.

गाडीत बसल्यावर भावोजींनी किल्ली फिरवली नाही. "मी पुन्हा चुकलो," ते म्हणाले.

"तीही चुकली. तुम्हाला त्याची किंमत मोजावी लागत नाही, एवढाच फरक."

"वहिनी, इथे चुकलेलं वाक्य पुन्हा म्हणता येतं. त्या दोघांचं काय?"

वहिनी समोरच्या फुटपाथकडे बघत होत्या. तिथून ती दोघं अजून दिसत होती. मुलीने चालता चालता बॅगेच्या एका पट्टीला हात घातला होता. दुसरी त्याने सोडली नव्हती.

"आज त्यांच्या खोलीतला दिवा कोण मालवतंय, त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "चला आता."