चौदा नंबरच्या टेबलाचा आग्रह

गाडीला स्नो टायर बसवायचे होते, एवढंच काम. जावयाला, ईशानला, ऑफिसच्या मीटिंग्ज आणि लेकीला आठवा महिना, म्हणून रुपाली स्वतःच निघाली. लांबच्या ट्रॉय शहरातून लेकीच्या, आश्लेषाच्या, बाळंतपणासाठी आलेली बाई ती. न्यू यॉर्कच्या वरच्या डोंगरातल्या त्या गावात तिच्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. टायरवाला म्हणाला, दीड तास लागेल. समोर एका जुन्या घरावर म्युझियमची पाटी दिसली. थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती आत शिरली. नसती शिरली तर बरं झालं असतं, पण ते आता बोलून काय उपयोग!

आत मिसेस रोथ नावाच्या ऐंशी उलटलेल्या बाई एकट्याच होत्या. त्यांनी हौसेने सगळं दाखवलं. एके काळी या डोंगरात ज्यू कुटुंबांची शेकडो हॉटेलं होती. दुसरीकडे त्यांना घेत नसत, म्हणून त्यांनी आपली स्वतःची उभी केली. शहरातल्या उकाड्यातून माणसं उन्हाळाभर इथे येत. पोहणं, नाच, आणि तीन वेळा जेवण, तेही असा आग्रह करून की पाहुणा रडकुंडीला यावा. पुढे विमानं स्वस्त झाली, लोक लांब जाऊ लागले, हॉटेलं ओस पडली. रुपालीला मात्र त्या आग्रहाचं हसूच आलं. ही तर आपल्यासारखीच माणसं, तिला वाटलं.

खोलीच्या टोकाला हॉटेलातलं चौदा नंबरचं टेबल मांडून ठेवलं होतं. पांढरं कापड, दहा रिकाम्या ताटल्या, दहा खुर्च्या. शेजारच्या भिंतीवर लाकडी फळा. त्यावर प्रत्येक टेबलाचं एक वर्तुळ, वर्तुळाच्या कडेने भोकं, भोकांत खुंट्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी खुंटीला लागली त्याची खुर्ची ठरली. मग जेवल्याशिवाय त्याला कुणी उठू देत नसे. पाहुण्यांनी गंमत म्हणून आपली नावं लावावीत अशी तिथे पद्धत होती. तुम्ही किती जण, मिसेस रोथनी विचारलं.

रुपालीने चार सांगितले. स्वतःचं लिहिलं, आश्लेषाचं लिहिलं, ईशानचं लिहिलं, आणि चौथ्या चिठ्ठीवर लिहिलं अनया. आता बघा, बारशाआधी हे नाव तोंडातून काढायचं नाही अशी ताकीद साऱ्या घराला हिनेच दिलेली. पण नात होणार म्हणून बाई हवेत होती. शिवाय लिहिलं देवनागरीत. इथे कोण वाचणार आहे! चारही चिठ्ठ्या तिने चौदा नंबरच्या वर्तुळातल्या खुंट्यांना लावल्या.

बरोबर एक वाजला. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात हॉटेलचा जुना लाउडस्पीकर ठेवला होता, वायर तुटलेला. त्यात खरखर झाली. मग एक पुरुषी आवाज, अगदी अदबीचा, म्हणाला,

"अनया... टेबल चौदा... पान वाढलंय..."

शुद्ध मराठीत. मिसेस रोथ भिंतीला टेकल्या. तो चालत नाही, त्या पुटपुटल्या, पन्नास वर्षं चालत नाही. बाकीच्या तिघांना कुणी हाक मारली नाही. त्यांच्या जागा या जगात ठरलेल्या होत्या, पोरीची अजून ठरायची होती. टेबलाची एक खुर्ची, लहान मुलांची उंच खुर्ची, हळूच मागे सरकली. खोलीत परतलेल्या कांद्याचा आणि गरम बिटाच्या सुपाचा वास भरला.

रुपालीने अनयाच्या चिठ्ठीची खुंटी ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढली, नख मोडलं, तरी निघेना. तेवढ्यात फोन वाजला.

"आई..." आश्लेषाचा आवाज कापत होता. "बाळ हलत नाहीये. मघापर्यंत लाथा मारत होतं... एकदम थांबलं."

रुपाली घाबरून बसणाऱ्यांतली नव्हे. फोन कानालाच धरून ती टेबलाशी गेली आणि उंच खुर्चीला खेटून बसली.

"ती अजून जन्माला यायचीय," ती म्हणाली. "तिच्या वाटचं मला वाढा. मी जेवते."

रिकाम्या ताटलीत चमचा बुडवून ती जेवली. तोंडात गरम, आंबटगोड काहीतरी येत राहिलं. ती गिळत राहिली. पोट फुटायची वेळ आली तरी थांबली नाही. शेवटी फोनमधून हुंदका आला.

"हललं, आई... हललं!"

तेव्हा कुठे खुंटी सुटली. रुपालीने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले, टायरवाल्याकडून गाडी घेतली आणि घर गाठलं.

तीन आठवड्यांनी मुलगी झाली, धडधाकट. रुपालीने हट्टाने नाव बदलायला लावलं. वैदेही ठेवलं. लेक-जावई चार दिवस फुगून बसले, पण हिने कुणाचं ऐकलं नाही.

आश्लेषाला काळजी वेगळीच होती. आई जेवत नव्हती. त्या दिवसापासून अन्नाचा कण नाही, आणि वजन मात्र तीन किलोने वाढलेलं. रोज दुपारी एकला ती रिकाम्या टेबलाशी बसायची आणि, पंगतीत वाढप्याला थांबवावं तसा, ताटावर हात आडवा धरायची. ताट नसायचंच. एक हात स्वतःपुढे उताणा पसरलेला, आडवा हात शेजारी, जरा उंचावर. "मला वाढा," ती हळू आवाजात म्हणायची. "तिला नको."

बारशाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांच्या दगदगीने, रुपालीचा सोफ्यावर डोळा लागला. जाग आली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. आश्लेषा वैदेहीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी सकाळपासून दुधाला तोंड लावत नाही, ती सांगत होती, आता तर ओठ घट्ट मिटून घेतलेत.

रुपालीने नातीच्या पोटावर हात ठेवला. पोट टम्म होतं. तिने तिला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि वैदेहीने एक भली मोठी, समाधानाची ढेकर दिली.

बिटाच्या सुपाचा वास होता.