चोराला दिलेला चहा

कन्व्हर्टर चोरीला गेल्याचं कळलं ते एका रविवारी सकाळी, आणि अख्ख्या वाडीला एकदमच कळलं.

सगुणने व्हॅनची चावी फिरवली आणि गाडी अशी काही ओरडली की फणसावरचे कावळे उडाले. पाव विकणारा पोदेर भोंगा हातात धरून रस्त्यातच थांबला. समोरच्या घरातून कृष्णनाथ गंजीफ्राकावर धावत आला. खाणीवरचा ट्रक चुकून अंगणात शिरला, असं त्याला वाटलं.

"बंद कर रे! बंद कर ता!"

सगुणने गाडी बंद केली. मग एवढं शांत झालं की त्याला आपल्या घरातल्या घड्याळाची टिकटिक बाहेर ऐकू आली.

सगुण चाळिशीला आलेला. हळर्णच्या वेशीबाहेर पाण्याचा पंप होता, तो चालवायचं काम त्याच्याकडे. कामावर तो मोटारसायकलने जाई. व्हॅन घेतली होती ती बायकोसाठी. विमला आजारी पडली तेव्हा तिला म्हापशाला न्यावं लागे, पुढे बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. तिला ताठ बसवत नसे, म्हणून पुढची डावी सीट त्याने मागे पाडून ठेवली होती. विमला जाऊन दोन पावसाळे झाले. सीट तशीच होती. दर रविवारी तो व्हॅन थोडा वेळ चालू ठेवी, बॅटरी उतरू नये म्हणून. लोकांना तो असं सांगे. खरं तर इंजिन चालू असलं की घरात कोणी असल्यासारखं वाटे.

कृष्णनाथचं पेडण्याच्या वाटेवर लोखंडी ग्रिलचं दुकान होतं. तो गाडीखाली सरपटला आणि तिथूनच बोलला.

"सगुण, मधलो डबोच नाय हय. दोनय बाजूंनी कापून नेल्यानी."

"कसलो डबो?"

"कन्व्हर्टर! धुराच्या नळीत असता तो. आत महागातले धातू असतत, म्हणून तर चोरतत. तुझी गाडी उंच, माणूस आरामात खाली शिरता."

"पण कधी नेल्यानी? गाडी तर अंगणातच आसा…"

तेव्हा कृष्णनाथच्या मागे उभी असलेली त्याची बहीण पुढे आली. शेवंती तिचं नाव. ती गणेशचवथीनंतरच डिचोलीहून इथे राहायला आली होती. तिथे आईचं दुखणं काढण्यात तिची लग्नाच्या वयाची वर्षं गेली, आणि मग आईही गेली. आता ती भावाच्या दुकानात ग्रिलांना रंग लावी. सगुणने तिला फक्त लांबून पाहिलं होतं… बोटांना कायम तांबडा रंग, आणि केस बांधलेले जुन्या फडक्यात.

"तो… तुमचो मेकॅनिक नव्हतो?" तिने विचारलं.

"कोण तो?"

"बुधवारी इल्लो. दुपारी. जॅक घेऊन, निळो शर्ट. माका वाटला, तुमीच धाडलास. तुमी घरात नाय, बिचारो उन्हात जमनीर पडल्लो… म्हणून मी त्याका आंगाखाली घालूक गोणपाट दिलंय."

कृष्णनाथने कपाळावर हात मारला.

"आणि?" सगुणने विचारलं.

"आणि चाय दिलंय."

"आणि?"

शेवंती जमिनीकडे बघू लागली. "आत काळोख होतो. तो म्हणालो, ताई, जरा टॉर्च धरा… मी धरलंय."

सगुण तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. मोठ्याने हसला. हसता हसता त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला, आणि तो मध्येच थांबला.

"रागवा तरी," ती म्हणाली. "हसू नका."

गावात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी वास्कोहून मोठ्या बहिणीचा, चंद्रावतीचा, फोन आला. तिचा नवरा बंदरात कामाला होता.

"सगुण, तुका किती वेळा सांगूचा? ती गाडी विक आणि हय ये. ह्यांनी तुझ्यासाठी काम बघून ठेवलाहा. त्या रिकाम्या घरात कोणासाठी रवतस?"

"गाडी दुरुस्त झाली काय विकतंय, अक्का."

"नक्की?"

"नक्की. पेडण्यातलो गोकुळदास घेतंय म्हणालोहा."

तसं ठरलंच होतं. त्याला वास्कोला जायचं नव्हतं, पण इथे राहायचं कारणही सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसात जायचं होतं. शेवंती साक्षीदार, त्यामुळे तिलाही जाणं भाग. व्हॅनजवळ येऊन तिने काचेतून पाडलेली सीट पाहिली. काही न विचारता मागचं दार सरकवून ती मागे बसली. गाडी गर्जत निघाली. आतलं बोलणं एकमेकांना ऐकू जाईना, म्हणून दोघं ओरडूनच बोलत होती.

"घरात कोण नाय?"

"काय?"

"म्हटलंय, घरात कोण नाय?"

"नाय!"

पेडण्याच्या बाजारात त्याने गाडी लावली, चावी काढली, आणि नेमकी त्याच क्षणी शेवंती मागून ओरडली, "मग तुमी एकटेच जेवतास?"

मासळीवाल्या बायका वळून बघू लागल्या. एकीने हातातला बांगडा तसाच धरला आणि म्हटलं, "नाय तर तू जा गे जेवूक!"

शेवंती सीटखाली काहीतरी पडल्यासारखी वाकली ती बराच वेळ वर आली नाही. सगुणच्या कानापर्यंत रक्त चढलं.

ठाण्यातला हवालदार कागदावर लिहीत होता. "चोर दिसायला कसा होता?"

"सभ्य," शेवंती म्हणाली. "कप धुवन दिल्यान."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि तो पोट धरून हसला. या वेळी सगुण हसताना मध्येच थांबला नाही.

नवा कन्व्हर्टर कृष्णनाथने म्हापशाहून मागवला होता आणि तो काही येत नव्हता. सगुण पंपावरून परतताना कृष्णनाथच्या दुकानाशी चौकशीला थांबू लागला. कधी व्हॅन घेऊनही जाई. एवढा आवाज करत कोणी कशाला फिरेल? पण तो फिरे. गाडी वळणावर असतानाच शेवंतीला कळे. सगुण पोचेपर्यंत तिने हात पुसलेले असत आणि डोक्यावरचं फडकं काढलेलं असे.

"इलो काय तो?" सगुण विचारी.

"नाय."

"बरा."

"बरा? डबो येना नाय, ता बरा?"

तो चावी बोटावर फिरवत राही. एकदा मात्र धीर करून म्हणाला, "चोराक चाय मिळता. मालकाक नाय."

"मालकान कधी मागल्यान?" तिने ब्रश डब्यात बुडवला. "चोरान निदान तहान लागलीहा म्हणून सांगल्यान."

"माकाय लागलीहा."

चहा आला. स्टुलावर बसून तो प्याला. लाल रंगाचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि समोर ती… ग्रिलच्या पलीकडून रंगवणारी, सळ्यांच्या फटींतून दिसणारी. चहा फार गोड होता. विमला साखर कमी घाली. ही आठवण झाली तसा त्याने कप खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

शेवंती सगळ्यांना दादा म्हणे. पोदेराला दादा, पोस्टमनला दादा, अगदी त्या चोरालाही ती दादाच म्हणाली होती. सगुणला मात्र ती नुसती 'अवो' म्हणे. हे कृष्णनाथच्याही ध्यानात आलं होतं, पण तो तोंडावर वेल्डिंगची काच धरून काम चालू ठेवी.

कृष्णनाथनेच एकदा विषय काढला. "डबो इलो काय त्याका पिंजरो घालून देतंय. लोखंडी सळये, खालून चासीक, गाडीच्या सांगाड्याक, घट्ट. पत्रो नको, तो डबो तापता, वारो लागाक व्हयो. गाडीचो नंबरय कोरून टाकया डब्यावर. मग चोर हात लावचो नाय."

"पण गाडी तर विकूची आसा," सगुण म्हणाला.

शेवंतीचा ब्रश थांबला. "कोणाक?"

"गोकुळदासाक. मी वास्कोक जातंय… बहिणीकडे."

"कायमचे?"

"हो."

तिने ब्रश पुन्हा चालवला. एकाच सळीवर, तिथेच, परत परत.

"मग पिंजरो कित्याक घालूचो, दादा?" ती भावाला म्हणाली. "राखूची असता त्या गाडीक पिंजरो घालतत. विकूच्या गाडीक नाय."

त्यानंतर सगुण दुकानाकडे फिरकला नाही. संध्याकाळी पंप बंद केला की पाण्याचा आवाज थांबे, आणि मग ऐकायला काहीच नसे. घरी एक ताट, एक वाटी. पेज करावी आणि उभ्यानेच खावी.

कन्व्हर्टर आला. म्हापशाच्या मेकॅनिकने येऊन तो अंगणातच बसवला. या वेळी शेवंतीने लगेच चहा दिला नाही. दाराआडून ती म्हणाली, "आदी तुमचा नाव सांगा. मगे चाय." मेकॅनिक गोंधळला. सगुण ओसरीवर उभा होता, ते ऐकून त्याने मान वळवली, पण तोवर ती आत गेली होती.

गोकुळदास गाडी न्यायला यायचा होता, त्या सकाळी सगुणने ती पुसली. आत पाण्याची एक जुनी बाटली होती, ती काढली. मग पाडलेल्या सीटच्या खटक्यावर हात ठेवला. दाबला नाही. चावी फिरवली. गाडी इतकी हळू सुरू झाली की सुरू झाल्याचंही कळलं नाही.

तो तसाच बसून राहिला. या घराला कुलूप लागेल, गाडी दुसऱ्याच्या अंगणात उभी राहील, आणि समोरच्या घरात एक बाई चोरांना चहा देत राहील. त्याला हे सहन होईना. त्याने गोकुळदासला फोन लावला.

"गोकुळदास, येऊ नको रे. गाडी विकूची नाय."

व्हॅन घेऊन तो दुकानाशी पोचला तेव्हा शेवंती पाठमोरी होती. डोक्यावर फडकं, हात कोपरापर्यंत तांबडे. तो अगदी जवळ येईपर्यंत तिला कळलं नाही. ती दचकली.

"अवो! चोरासारखे येतास?"

"गाडी वाजना नाय आता."

"वाजत होती ताच बरा होता." तिने घाईघाईने फडकं ओढलं आणि कपाळाला रंग लागला. "तुमी येतास ता वळणावर कळायचा. आता… कसा कळतला?"

"होरन वाजयतलंय."

"पोदेरासारखो?"

"पोदेरासारखो."

ती हसली नाही. "गोकुळदास इल्लो?"

सगुणने तिच्याकडे पाहिलं. विमलाशी लग्न ठरलं तेव्हा सगळं मोठ्यांनी बोलून टाकलं होतं. असलं काही स्वतः बोलायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने आत बघून मोठ्याने म्हटलं,

"कृष्णनाथ, पिंजरो घालूचो आसा."

आतला वेल्डिंगचा आवाज थांबला. कृष्णनाथने काच वर केली, सगुणकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि काच पुन्हा खाली घेतली. "घालतंय," तो म्हणाला. "घट्ट घालतंय."

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगाचे हात, त्यामुळे तिला ते पुसताही येईना.

"चाय घेतास?" तिने विचारलं.

"घेतंय. साखर… तुझ्या मनासारखी."

त्याने 'तू' म्हटलं, हे दोघांनाही एकदमच कळलं.

पिंजरा बसला, त्याला रंग शेवंतीने दिला. मग ती दोघं पेडण्याला निघाली, बाजार करायला. शेवंती पुढच्या डाव्या दाराशी आली आणि तिने मुठीवर हात ठेवला. सगुणचा चेहरा पाहिला. तिने हात काढून घेतला.

"शेवंती, माका…"

"घाई नाय," ती म्हणाली. "मी मागे बसतंय. मागसून तुमी बरे दिसतास."

वास्कोला फोन करून झाला आहे. अक्का आधी रागावली, मग तिने शेवंतीचं नाव दोनदा विचारून घेतलं. कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरला आहे, खाली पिंजरा आहे, आणि गाडी आता कृष्णनाथच्या दाराला चिकटून उभी असते. वळणावर सगुण भोंगा वाजवतो. पुढची सीट तेवढी सरळ करायची राहिली आहे.