दोन्ही झाल्या?

माणसाच्या उंचीच्या खोक्याला पोलादी पट्टी बांधायची तर दोन माणसं लागतात, आणि काम संपेपर्यंत ती दोघं एकमेकांना दिसत नाहीत. एकानं पट्टी खोक्याच्या बुडाखालून सरकवायची. पलीकडच्यानं ती धरून मागच्या बाजूनं वर घ्यायची आणि माथ्यावरून परत द्यायची. मग अलीकडच्यानं दोन्ही टोकं एकावर एक ठेवून यंत्रानं ताणायची, जोडावर पत्र्याची क्लिप चढवायची आणि लांब दांड्यांच्या पकडीनं दाबायची. अशी, की पट्टी तुटली तर तुटेल, पण जोड सुटणार नाही. जड खोक्याला जोडावर क्लिपा दोन. एकीवर भागवायचं नाही.

पंपांच्या एका कारखान्यात हे काम बावीस वर्षं एक नवरा-बायको करत होती. नव्या माणसाचा जोड नखानं चाचपून नवरा फक्त "पुन्हा कर" म्हणायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणू लागले; आणि चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली त्याची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. अंगानं ती अगदी काडी. खोकं आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत ती सहज मावायची. त्या फटीतूनच तिनं नवऱ्याशी भांडणं केली, मुलीचं लग्न ठरवलं, घराला रंग कोणता लावायचा ते सांगितलं. त्यांचा निम्मा संसार एकमेकांचं तोंड न बघता झाला, असं शेडमधले लोक थट्टेनं म्हणत आणि ते खरंच होतं.

प्रत्येक जोडानंतर पलीकडून तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "दोन्ही झाल्या?"

"झाल्या," असं मास्तर म्हणाला, की ती कापलेले तुकडे वेचायला खाली वाकायची.

त्या दिवशी ट्रक दारात उभा होता. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मधल्या पट्टीवर मास्तरनं एक क्लिप दाबली. दुसरीसाठी डब्यात हात घातला तर डबा रिकामा. नवा डबा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. आणतो आणि मारतो, असं त्याच्या मनात होतं.

"दोन्ही झाल्या?"

"झाल्या," मास्तर म्हणाला.

तेवढ्यात फोर्कलिफ्टवाल्यानं काटे खोक्याखाली घातले. त्याला सगळे भिंगरी म्हणत, कारण एवढं अवजड यंत्र तो जागच्या जागी गर्रकन फिरवायचा. खोकं वीतभर उचललं गेलं आणि मधला जोड सरकला. फटका मारल्यासारखा आवाज झाला, फळ्या उघडल्या, आत उभे ठेवलेले बिडाचे सगळे पंप मागे कलले. मागे भिंत होती, आणि भिंतीशी मास्तरीणबाई खाली वाकलेली होती.

दोन दिवस ती दवाखान्यात होती आणि तिसऱ्या पहाटे गेली. बोलली नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "क्लिपा दोन होत्या ना?" मास्तर हो म्हणाला. बावीस वर्षांत ज्याचा एक जोड सुटला नव्हता, त्याला दुसऱ्यांदा कोण विचारणार? धक्का जास्त बसला म्हणून पट्टी निसटली, असं कागदावर आलं आणि भिंगरीला घरी बसवलं.

बाविसाव्या दिवशी मास्तर कामावर परत आला. मधल्या काळात शेडमध्ये नवा नियम झाला होता. खोक्यामागे कुणी उभं राहायचं नाही. खोकी भिंतीपासून चार बोटांवर लावायची, म्हणजे कुणाला जाताच येणार नाही. पट्टी पलीकडून ओढून घ्यायला आकडा लावलेली एक लांब काठी दिली होती. जोडीला माणूस देतो, असं साहेब म्हणाले होते. मास्तर नको म्हणाला.

दुपारचं ऊन छतावरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून खाली उतरलं होतं. मास्तरनं पहिल्या खोक्याखाली पट्टी सरकवली आणि काठी घ्यायला वळला. मागे खरखर झाली. पट्टी आपोआप हातभर आत गेली.

रीळ सैल असेल, असं त्याला वाटलं. त्यानं रीळ तपासलं. सैल नव्हतं.

पट्टी अजून आत जात होती. एका लयीत, न अडखळता. मग खोक्याच्या माथ्यावर टोक दिसलं आणि हळूहळू त्याच्याकडे खाली आलं. टोक नखाएवढं मागे मुडपलेलं होतं. कापलेल्या पट्टीची धार ब्लेडसारखी असते. त्याचा तळवा एकदा फाटला होता, तेव्हापासून मास्तरीणबाई टोक मुडपूनच देत असे.

मास्तर मटकन खाली बसला. कुणीतरी पाणी आणून दिलं. लोकांना वाटलं, आठवणीनं झालं असेल.

घरी जाण्याआधी त्यानं फटीत बॅटरी मारून पाहिलं. चार बोटांची जागा. धूळ. फटीत कोळ्यानं आडवं जाळं विणलं होतं आणि त्याचा एक धागाही तुटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. मास्तरनं कुणाला काही सांगितलं नाही. तो रोज दाढी करू लागला. इस्त्रीचा शर्ट घालू लागला. शेजारच्याच गल्लीत राहणारी त्याची मुलगी दर रविवारी यायची. तिनं हे पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला.

"बाबा, तुम्ही सावरताय हो," ती म्हणाली. "पण आता पुरे करा ना ते काम. माझ्याकडे या राहायला."

"बघू," मास्तर म्हणाला. जीव गेला असता तरी त्यानं ते काम सोडलं नसतं.

तो खोक्याशी बोलायचा. घराचं छत गळतंय, मुलीनं केस कापलेत, तुझं हे कुठे ठेवलंय, ते कुठे ठेवलंय. उत्तर येत नसे. फक्त पट्टी यायची, टोक मुडपलेली. आणि जोड मारून झाला की पलीकडे एक शांतता पसरायची. कुणीतरी काही विचारायला तोंड उघडावं आणि थांबावं, तशी. त्या शांततेत मास्तर घाईघाईनं पुढची पट्टी घ्यायचा. सगळं बोलायचा तो तिच्याशी. तेवढं एक सोडून.

दोन महिने असे गेले.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिंगरी शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण तुटलेलं. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"मास्तर, एक विचारायचं होतं."

"बोल ना."

"तुम्ही समोर होता. मी फार जोरात उचललं का हो?"

मास्तरनं जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं.

"मला आठवतं ते हळूच उचलल्याचं. पण सगळे म्हणतात तर मीच उचललं असणार तसं. वहिनी मला हात करायच्या रोज. डब्यातलं माझ्यासाठी काढून ठेवायच्या." भिंगरीनं बाहीनं तोंड पुसलं. "कामाचं राहू द्या. ते नकोच आता. तेवढं एक सांगा, म्हणजे मी माझ्या मनाशी ठरवीन."

"अरे, झालं ते झालं," मास्तर म्हणाला. "विसर आता."

भिंगरीनं मान हलवली. तो फाटकाकडे चालू लागला. एवढ्या चपळ माणसाची चाल म्हाताऱ्यासारखी झाली होती.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मास्तरनं मोठ्या खोक्याखाली पट्टी सरकवली. ती आत गेली, वर गेली, माथ्यावरून टोक आलं. त्यानं ते धरलं आणि यंत्रात घालायला ओढलं.

आलं नाही.

अडकलं असेल म्हणून त्यानं झटका दिला. पट्टी किंचित पुढे आली आणि तेवढीच मागे गेली. अडकलेली वस्तू मागे जात नाही.

"अगं, सोड की," तो म्हणाला.

पट्टी ताठ झाली. यंत्र लावलेलं नव्हतं, तरी ती तारेसारखी ताणली गेली आणि तिच्यातून बारीक आवाज निघू लागला. शेडच्या त्या टोकाला दोघंजण हातोडे चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं? काय पाहिजे तुला?"

आवाज वाढला.

मास्तरला माहीत होतं काय पाहिजे ते. आणि हेही माहीत होतं, की ते बोलला तर या शेडमध्ये त्याला कुणी उभं करणार नाही. मग ही पट्टी, हे मुडपलेलं टोक, हे पलीकडे असणं, सगळं संपलं. त्याच्या दोन्ही तळव्यांत धार रुतली होती. रक्त मनगटापर्यंत आलं.

"नको ना गं," तो म्हणाला. "एवढंच तर उरलंय."

पट्टी हलली नाही.

त्यानं खोक्याच्या फळीला कपाळ टेकवलं.

"एकच होती," तो म्हणाला. "डबा संपला होता. मी खोटं बोललो."

बारीक आवाज थांबला.

पट्टी सैल पडली. निर्जीव, जड, रिळातून येते तशीच.

मास्तरनं तळवे पुसले. पट्टी ताणली, दोन क्लिपा दाबल्या. मग शेडच्या मागच्या नळाशी जाऊन मुलीला फोन लावला. हे तिनं दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये, असं त्याला वाटलं. त्यानं सगळं सांगितलं.

"आईनं विचारलं होतं?" ती म्हणाली. "नेहमीसारखं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"झाल्या म्हटलं."

फोन बंद झाला. त्यानं तो कानाला तसाच धरून ठेवला. मग खिशात घातला आणि ऑफिसचा जिना चढला.

साहेबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं मास्तरला वाटलं. त्यांनी कागद पुढे केला, त्यानं स्वतःच्या हातानं लिहून सही केली. "उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. "पुढचं आम्ही कळवू." भिंगरीला त्याच संध्याकाळी निरोप गेला.

सकाळी मास्तर शेडच्या दाराशी येऊन थांबला. आत जायची परवानगी नव्हती. कालचं मोठं खोकं आज जाणार होतं, तेवढं त्याला जाताना पाहायचं होतं. भिंगरी फोर्कलिफ्टवर बसला होता. त्यानं मास्तरकडे पाहिलं आणि मान वळवली. रागावला असता तर त्याचा हक्कच होता. पण तो नुसता रडत होता, आवाज न करता, आणि हात दांड्यावर स्थिर होते.

त्यानं काटे घातले आणि खोकं उचललं. इतकं हळू, की कधी सुटलं ते जमिनीलाही कळलं नसेल. भिंतीपासून चार हात मागे घेतलं, थांबवलं आणि तो खाली उतरला.

"मास्तर, मागच्या बाजूला जोड का मारलात?"

"मागे जोड नसतो रे."

"आहे ना."

मास्तर आत गेला. कुणी अडवलं नाही. बावीस वर्षांत काम करायला तो खोक्याच्या या बाजूला कधी आला नव्हता. ही तिची जागा. भिंतीवर खांद्याच्या उंचीला घासून घासून एक गुळगुळीत डाग पडला होता.

पट्टी अखंड होती. तरी तिच्या मध्यावर एक क्लिप दाबलेली होती. दोन्ही कडांच्या खाचा नीट, खोल, सरळ. चार बोटांच्या फटीत पकडीचे लांब दांडे उघडायला जागा कुठून येणार, हे विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.

मास्तरनं तिच्यावर हात ठेवला.

क्लिप कोमट होती.

या भिंतीकडे ऊन येत नाही. खोकं काल दुपारपासून इथंच होतं.

"मास्तर?" भिंगरी म्हणाला. "काय झालं?"

मास्तरनं हात काढला नाही. तळव्याखाली क्लिप गार होऊ लागली. लोखंड एकदम, सगळीकडून सारखं गार होतं. ही कडांपासून गार होत होती, फार सावकाश, आणि मधला जरासा भाग शेवटपर्यंत ऊबदार राहिला. दवाखान्यातल्या त्या पहाटे तिचा हात मास्तरच्या हातात असाच गार झाला होता, आणि आता सोडा, असं नर्सला सांगावं लागलं होतं. आज कुणी सांगण्याची त्यानं वाट पाहिली नाही. पूर्ण गार झाल्यावर त्यानं हात उचलला.