तिसऱ्यांना बोलू द्या

शनिवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की तो दवाखान्याची पाटी उलटी करायचा, बाहेरचा दिवा घालवायचा आणि बूथमध्ये दुसरी खुर्ची नेऊन ठेवायचा. बूथ म्हणजे कान तपासायची खोली, पण खोली म्हणण्यापेक्षा पेटीच. जाड दार, भोकाभोकांच्या पत्र्याच्या भिंती, एक काचेची खिडकी. दार ओढून घेतलं की रस्ता, पाण्याची मोटर, वरच्या मजल्यावरचं शिलाई मशीन, सगळं एकदम पुसलं जायचं. गिळलेला आवंढासुद्धा ऐकू यायचा. कोणाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि कमी येत असेल तर मशीन बसवून द्यायचं, हे त्याचं काम. पॉडकास्टसाठी याहून चांगली जागा शोधूनही सापडली नसती.

दुसरी खुर्ची क्लचची. क्लच त्याचा शाळेपासूनचा मित्र, ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ‘क्लच, क्लच’ ओरडायचा, त्यामुळे खरं नाव मागे पडलं ते पडलंच. घटस्फोट झाल्यावर हा माणूस अगदी घुम्यासारखा झाला होता. घरी बोलवावं तर यायचा, जेवायचा, जायचा. एकदा त्याला ओढूनच सिनेमाला नेलं. सिनेमा इतका भिकार होता की दोघं मध्येच उठून बाहेर आले, आणि पायऱ्यांवर बसून क्लच अचानक बोलायला लागला. त्यातल्या पाठलागात हिरोने किती गिअर बदलले, त्या गाडीला तेवढे गिअर आहेत तरी का, असं काहीबाही. दोघं पोट धरून हसले. ‘मध्येच उठलो’ हा त्यांचा कार्यक्रम तिथे सुरू झाला. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते मायेचे होते. क्लच पुन्हा माणसांत आला, हे त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठं.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि आदल्या संध्याकाळचं बोलणं काटछाट करून नीट लावायचा. अशाच एका रविवारी त्याला ती जागा पहिल्यांदा दिसली.

क्लच म्हणत होता, “गाडी दरीत कोसळते, चार कोलांट्या खाते, आणि हा बाहेर येऊन हळूच दार लावतो. संस्कार बघ.”

“लॉक केली का पण?” त्याचा स्वतःचा आवाज.

“किल्ली आतच.”

मग हसू. त्यानंतर काहीच नाही. पडद्यावरची आवाजाची रेघ आडवी, सपाट. आणि मग क्लच एकटाच खदखदून हसला आणि म्हणाला, “नाही हो, एवढाही वाईट नव्हता.”

कोणाला म्हणाला? आठवण्याचा त्याने प्रयत्न केला. क्लच विचारात पडल्यासारखा थांबला होता आणि आपण कागद चाळत होतो, एवढंच आठवलं. त्याने ती जागा कापली, दोन्ही टोकं जोडली आणि विसरून गेला.

पुढच्या भागांत अशा जागा बऱ्याच निघाल्या. क्लच थांबायचा, मान किंचित कलती करायचा, आणि मग उत्तर दिल्यासारखं बोलायचा. काही भाग त्याने घाईत न कापताच सोडून दिले. त्यांच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं: ‘तुमच्यातले तिसरे कोण? बोलतात थोडं, पण काय बोलतात.’ त्याला वाटलं, थट्टा आहे. थट्टेच्याच कार्यक्रमावर लोक थट्टा करणार नाहीत तर काय करणार? पण पुढच्या खेपेला त्याने सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, आणि लोक रागावले. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तिसऱ्यांना बोलू द्या. तुम्ही दोघं आम्हाला आवडता, पण आम्ही त्यांच्यासाठी येतो.’

तो क्लचला भेटायला ड्रायव्हिंग स्कूलवर गेला. शिकाऊ गाडीत दोघं शेजारीशेजारी बसले. समोर मैदानात रंगवलेल्या टायरांची रांग होती.

“तू बोलता बोलता थांबतोस ते कशासाठी?” त्याने विचारलं.

“कधी?”

“मध्येच. मग हसतोस, उत्तर देतोस.”

क्लचने काचेवरचा डाग बोटाने पुसला. “तुमचं आपसात काय बिनसलंय ते मला माहीत नाही,” तो शेवटी म्हणाला, “आणि मी विचारणारही नाही. पण तू त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस, ते बरं दिसत नाही रे. ते काही मनाला लावून घेत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.”

क्लचला थापा मारता येत नसत. मारायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता ते लाल नव्हते.

घरी येऊन त्याने न कापलेला एक भाग लावला. बायको त्याच्याकडे पाठ करून सिंकपाशी भांडी विसळत होती. सपाट रेघ सुरू झाली. नळाच्या पाण्याशिवाय घरात आवाज नव्हता. बायकोने नळ बंद केला, जरा वाकून ऐकलं आणि ओल्या हाताचं मनगट तोंडावर धरून हसली.

“काय माणूस आहे,” ती म्हणाली.

“कोण?”

“पुरे आता.” तिने नळ पुन्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधी त्याने स्वतःचा कान तपासला. दोन्ही कान. बारीकातला बारीक सूर त्याला ऐकू येत होता. त्याच्या वयाच्या माणसाचा इतका चांगला आलेख त्याने क्वचितच काढला होता. तो कागद हातात घेऊन बूथमध्ये बसून राहिला. आजवर शेकडो लोकांना त्याने याच खुर्चीत सांगितलं होतं की बाबा रे, सगळ्यांना ऐकू येतंय, फक्त तुम्हाला येत नाही. बहुतेक जण आधी हसायचे, मग चिडायचे, आणि मग घरच्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते तसे का बघतात, हे त्याला आज कळत होतं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका तपासायला आल्या. उजव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, डाव्याने थोडंसं. त्याने त्यांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. “आवाज आला की दाबायचं, आजी.” दार लावून तो काचेच्या बाहेर येऊन बसला. अजून त्याने काही सुरूही केलं नव्हतं, तोच बटणाचा दिवा लागला. पुन्हा लागला. मग लागूनच राहिला.

त्याने दार उघडलं. “आजी, मी अजून काही वाजवलेलं नाही.”

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. चेहऱ्यावर वर्गात एखादा मुलगा चांगलं वाचत असताना असावं तसं समाधान. “किती दिवसांनी असं स्वच्छ ऐकलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दलच बोलत होते.”

“काय बोलत होते?”

त्या थोड्या ओशाळल्या. “ते तुम्हीच विचारा त्यांना. मी मध्ये पडणं बरं नाही.”

कार्यक्रम बंद करावा असं त्याच्या मनात पक्कं झालं. शनिवारी क्लच आला तो नवा सदरा घालून. एका शिकाऊ बाईंनी चहाला बोलावलं होतं, तिकडून आला होता, आणि सांगताना पोरासारखा लाजत होता. त्याच्याकडे बघून याच्या तोंडून शब्द निघेना. त्याने दुसरी खुर्ची आत नेली. क्लच मागून तिसरी घेऊन आला आणि याच्या उजव्या हाताला ठेवली.

त्या दिवशीचा सिनेमा विनोदी होता, म्हणजे पोस्टरवर तसं लिहिलं होतं. क्लच रंगात होता. हाही हळूहळू सैलावला. मग क्लच थांबला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळला. हसला नाही. ऐकत राहिला. मग सावकाश मान फिरवून याच्याकडे बघायला लागला.

बूथमध्ये त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

क्लच वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. आपल्या दोन माणसांचं जमावं अशी आस असलेल्या माणसाचे ते डोळे होते.

मग त्याने तेच केलं, जे त्याचे पेशंट लग्नाकार्यात, बँकेत, सुनेपुढे वर्षानुवर्षं करत आलेले असतात. तो हसला, मान डोलावली आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, “हो. चालेल की.”

क्लचने टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

घराची पायरी चढताना त्याला आत दिवे दिसले. मागची इस्त्रीची खोली रिकामी केलेली होती. खिडकी उघडी, पलंगावर नवी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या.

“क्लचभाऊंचा फोन आला होता,” बायको म्हणाली. तिने केस विंचरले होते. “बरं झालं, तू हो म्हणालास. मला काळजी होती.”

“किती दिवसांसाठी?”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तू ऐकलंस ना, ते काय म्हणाले ते?”

“ऐकलं,” तो म्हणाला.

ते जेवायला बसले. बायकोने तीन ताटं मांडली. वाढता वाढता ती थांबायची, हं म्हणायची, मधूनच हसायची. तिला इतकं मोकळं हसताना त्याने अलीकडे पाहिलं नव्हतं.

मग तिचं हसणं थांबलं. ती त्याच्याकडे बघायला लागली.

“काय?” तो म्हणाला.

“त्यांनी काहीतरी विचारलंय तुला.”

समोर पांढरी भिंत होती आणि तिच्यापुढे एक खुर्ची. त्याने कान लावून ऐकलं, आयुष्यात कधी ऐकलं नसेल इतक्या मनापासून. नळाचा थेंब पडत होता. बाजूच्या घरात कोणीतरी खिडकी ओढून घेतली.

“उत्तर दे ना,” बायको हळूच म्हणाली. “किती वेळ थांबतील ते?”

“हो,” तो म्हणाला.

बायकोच्या हातातला चमचा खाली आला.

“इतक्यात?” तिने विचारलं.

त्याने मान डोलावली. ती उठली, हात धुतले, आणि दोरीवरचे त्याचे शर्ट काढून एकेकाची घडी घालून बॅगेत ठेवायला लागली.