कोंडसरीच्या तळ्यात होडी

कोंडसरीच्या तळ्यात एकदा तरी होडी घालायची, हे लिलियनने पक्कं ठरवलं होतं. मालवणच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. सहलीची बस घाटातल्या एका वळणावर आली, की खाली रानाच्या पोटात ते तळं क्षणभर चमकायचं आणि नाहीसं व्हायचं. तिथे ना रस्ता, ना वस्ती. निवृत्त झाल्यावर तिने वनखात्याची परवानगी काढली आणि नवऱ्याला, मिंगेलला, सांगून टाकलं.

"दर्यो दारात आसा, आणि तू होडी घेवन रानात जातंस?" उभा जन्म बोटीवर काढलेला मिंगेल खो खो हसला. पण दोघांपुरती फायबरची चिंचोळी होडी जीपच्या टपावर त्यानेच आवळून बांधली.

वाट दाखवायला घाटाखालच्या वाडीतला सत्यवान आला. एके काळी तो लिलियनच्या वर्गात होता; आता रानातून मध काढायचा. जीप ओढ्यापाशीच थांबली. पावसात ओढ्यावरचा मोरीपूल वाहून गेला होता!

"बाई, आता हयसून खांद्यार," सत्यवान म्हणाला. "तीन किलोमीटर."

दोघांनी होडी उलटी करून डोक्यावर घेतली. पुढे मिंगेल, मागे लिलियन. सत्यवान कोयत्याने कारवीची झुडपं बाजूला सारत चालला. होडीच्या त्या टोपीखालून लिलियनला दिसत होती फक्त ओल्या पाचोळ्याची वाट, मिंगेलच्या टाचा आणि त्यांवर चढणाऱ्या जळवा. मान भरून आली, घाम डोळ्यांत उतरला, तरी तिला मनातून गंमतच वाटत होती. आजवर वरून पाहिलेल्या रानात ती आता खरोखर शिरली होती.

अचानक टाचा थांबल्या.

"गवो!" सत्यवान कुजबुजला. "हालू नकात."

लिलियनने हळूच मान कलती केली. वीस पावलांवर चार पाय! गुडघ्यापर्यंत पांढरे, जणू मोजे चढवलेले. त्यांच्यावर काळा डोंगर उभा होता, पण होडीमुळे तो अर्धाच दिसत होता. गवा फुरफुरला. खुराने माती उडवली. मिंगेलच्या बाजूने होडी घसरू लागली. होडी कलंडली, तर आवाज होणार! लिलियनने दात आवळून सगळं वजन आपल्याकडे ओढलं. एक श्वास. दुसरा. तिसरा.

पांढरे पाय वळले. झुडपं कडकडली. वाट मोकळी झाली!

दुपारी झाडांमधून पाणी दिसलं. शेवटची उतरण मात्र सरळसोट होती. होडीला दोर बांधून ते तिला हळूहळू खाली सोडू लागले. मध्यावर मिंगेलचा पाय घसरला.

"दोर सुटलो!"

होडी खडकावर आपटली, उसळली आणि धाडकन पाण्यात पडली. वल्ही आणि लाइफ जॅकेटं, सगळं तिच्यातच बांधलेलं! वारा तिला आत ढकलू लागला. मिंगेलचा घोटा मुरगळला होता. सत्यवान काठावर चुळबुळत होता. "बाई, माका पोहूक येणा नाय..."

"माका येता!" म्हणत लिलियनने बूट काढले.

पाणी बर्फासारखं. पायांना गवत वेटोळं घालत होतं. होडी हातभर पुढे, पुन्हा पुढे! "लिली, फाटी ये गो!" मिंगेल ओरडत होता. तिने तोंड पाण्यात घालून नेटाने हात मारले आणि बोटांना दोर लागला. तो दातांत धरून ती परतली, तेव्हा मिंगेल कमरेभर पाण्यात लंगडत तिच्यासाठी उभा होता. त्याने होडी सोडून आधी तिलाच ओढून घेतलं.

पुढच्या टोकाला चीर गेली होती, पण पाण्याच्या रेषेच्या वर. सामान बाहेर काढलं, जॅकेटं चढवली. मिंगेल मागे बसला, पुढचं टोक उचललं गेलं आणि होडी निघाली.

तळ्याच्या मध्यावर एक झाडीदार बेट होतं. लिलियनला तिथवर जायचं होतं. पण वाऱ्याने लाटा उठवल्या. चिरेतून पाणी ठिबकू लागलं.

"जावया?" मिंगेलने विचारलं.

लिलियनने बेटाकडे पाहिलं. "नको. हयच बरा आसा."

काठाकाठाने, जांभळीच्या सावलीतून ते वल्हवत राहिले. डोक्यावरून धनेश पक्ष्यांची जोडी पंखांचा घोंघाट करत गेली. काठावरून सत्यवानाने हाक मारली, परतायची वेळ झाली होती. लिलियनने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. होडी आपसूक, अगदी सावकाश गोल फिरू लागली, आणि हाकेला ओ द्यायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.