चार फुटी बाक

नोव्हेंबरात अतुलची बायको शुभा आजारपणात गेली आणि त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला. मिनेसोटाच्या थंडीत तसंही कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही, त्यामुळे ही गोष्ट लक्षात यायला महिना गेला. लक्षात आली तीही उल्हासच्या बायकोच्या, प्रतिमाच्या.

"अतुलभाऊजींना कुठेतरी घेऊन जा," ती उल्हासला म्हणाली. "नुसते डबे पोचवून काय होणार? परवाचा डबा तसाच परत आला."

उल्हास आणि अतुल वीस वर्षं एकाच कंपनीत होते. दुःखी माणसाशी काय बोलावं हे उल्हासला कधीच कळलं नाही, पण हातात करवत आणि टेप दिली की तो मार्गी लागे. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचा नाद त्याला लागला होता. त्यासाठी घडीचा तंबू होता, खाली बर्फावरून ओढायची प्लॅस्टिकची घसरगाडी आणि वर कापडी छत असलेला. आत बसायला मात्र पालथ्या बादल्या. अतुलच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. बादलीवर तो दहा मिनिटंही टिकला नसता.

म्हणून उल्हासने गॅरेजमध्ये बाक बनवलं. पाऊण इंची प्लायवूड, जुन्या सोफ्याचा फोम, त्यावर ताणून ठोकलेलं रेक्झिन, पाठीला किंचित कललेली टेक. लांबी मोजून अठ्ठेचाळीस इंच. जाड जॅकेटं घालून दोघांनी बसून पाहिलं, तर ऐसपैस जागा होती.

"यार, ऑफिसच्या चेअरपेक्षा हे बरंय," अतुल म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला.

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ते लाँग पाइन तळ्यावर गेले. बर्फ चौदा इंच जाड होता. उल्हासने गिरमिटाने दोन भोकं पाडली, तंबू उभा केला, गॅसचा हीटर लावला. दोघं बसले. उल्हासचा खांदा तंबूच्या कापडाला टेकला.

"जरा सरक ना," तो म्हणाला.

"कुठे सरकू? मी टोकालाच आहे."

उल्हासने वाकून पाहिलं. खरंच, अतुलचा गुडघा तंबूच्या पलीकडच्या दांडीला लागला होता. दोघांच्या मधे वीतभर जागा रिकामी होती. उल्हास तिकडे सरकायला गेला, पण अनोळखी माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण आखडतो, तसं त्याचं अंग आपोआप आखडलं. तो होता तिथेच बसून राहिला.

घरी आल्यावर त्याने बाक मोजलं. अठ्ठेचाळीस. प्रतिमाला शेजारी बसवून पाहिलं. दोघं बसून जागा उरली.

पुढच्या शनिवारी त्याने टेप सोबत नेली. बर्फावर बाक अठ्ठेचाळीसच भरलं. मग बसल्यावर त्याने स्वतःची रुंदी मोजली, अतुलची मोजली आणि मधली जागा मोजली. बेरीज अठ्ठावन्न आली. त्याने पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

मधला फोम दबलेला होता. त्यावरचं रेक्झिन ओलं होतं आणि त्याला तळाच्या गाळाचा, कुजलेल्या पाणगवताचा वास येत होता.

अतुलने हात लांब करून टेकीवर ठेवला होता, अलगद, कुणाच्या पाठीमागून ठेवावा तसा.

"शुभाला मधेच बसायला आवडायचं," तो म्हणाला. "आठवतं तुला?"

उल्हासने टेप गुंडाळून खिशात घातली. तेव्हाच बाक मोडून टाकायला हवं होतं, हे त्याला नंतर कळलं. पण त्या आठवड्यात अतुलचा डबा रिकामा परत आला होता. तो दाढी करू लागला होता, फोन उचलू लागला होता. त्याचं हे सुख हिरावून घ्यायचा उल्हासला धीर झाला नाही.

तिसऱ्या शनिवारी लख्ख ऊन होतं. अतुल मान कलती करून बसला होता. मधूनच हुंकार देत होता.

उल्हासचं लक्ष भोकाकडे गेलं. एरवी त्यातलं पाणी बर्फाच्या कडेपासून इंचभर खाली असे. आज ते कडेला आलं होतं. बघता बघता वर आलं आणि बर्फावरून पसरू लागलं.

असं कधी होतं, हे त्याला माहीत होतं. जवळ बर्फावर एखादा ट्रक येऊन थांबला, की वजनाने बर्फ खाली लवतो आणि भोकातून पाणी वर येतं. त्याने तंबूची चेन उघडून बाहेर पाहिलं. काठापर्यंत पांढरं, मोकळं तळं होतं.

शेवटी शेवटी शुभाचं वजन जेमतेम बेचाळीस किलो होतं. तेवढ्याने बर्फ लवत नाही.

पाणी बुटांना लागलं.

बाक करकरलं.

"अतुल, ऊठ."

"थांब रे. ती बोलतेय."

उल्हासने त्याचं मनगट धरायला मधल्या जागेतून हात घातला. बाही कोपरापर्यंत भिजली.

त्याने ओरडून अतुलला खेचलं. दोघं बर्फावर पडले. खालून एक लांबलचक कण्हणं उमटलं आणि सावकाश काठाकडे गेलं.

सामान तिथेच टाकून ते धावले. अतुलने एकदाही मागे पाहिलं नाही.

गाडी हायवेला लागली.

"अतुल," गाडी चालवता चालवता उल्हास म्हणाला, "ती शुभा नव्हती रे."

"माहितीये मला." अतुलचा आवाज शांत होता. "शुभाचा आवाज मी ओळखणार नाही का?"

"मग ऐकत कशाला बसलास?"

"एवढं कोणी बोलत नाही रे माझ्याशी." तो काचेबाहेर बघत होता. "पहिल्या दिवशी त्यानं माझं नाव विचारलं. आज तुझं विचारलं. मी सांगितलं."

उल्हासने गाडीचा वेग कमी केला.

"मग म्हणालं, उल्हासच्या घरी आणखी कोण असतं," अतुल म्हणाला. "तेही सांगितलं."