स्वस्तातला, महागातला आणि टेबलाखालचा

"जरा बाजूला होता का? तुमच्या पाठीवर गेम नीट दिसत नाहीये."

हे मी मनात म्हणाले, असं मला वाटलं होतं. पण समोरचा उंच माणूस वळला, म्हणजे तोंडातून निघून गेलं होतं. दुकानातले नेमके दोनच मॉनिटर मला बघायचे होते आणि हा ताडमाड माणूस दोन्हींच्या पुढे उभा! त्याच्या कानाच्या पाळीला पीठ लागलं होतं. चक्क पीठ.

"माफ करा हं," तो हसून सरकला. "तुम्हालाही याच दोन्हींपैकी एक घ्यायचाय? डावीकडचा महागातला, उजवीकडचा स्वस्तातला. मी मघापासून बघतोय, मला तर फरकच कळत नाही."

"मला कळतो. दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी."

"असं? मग पाठ करा इकडे."

मी का ऐकलं, देव जाणे. मी पाठ केली, त्याने दोन्हींवरची चित्रं बदलली, हाताने नावं झाकली आणि मी वळून बोट दाखवलं. बरोबर! पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. काउंटरवरच्या मालकीणबाई गालातल्या गालात हसत होत्या.

"डोळे छान आहेत तुमचे," तो म्हणाला. मग जीभ चावून, "म्हणजे... तपासायला."

एरवी मी त्याला चांगलंच चिडवलं असतं. पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. आम्ही नात्यातलेच चौघं आपापल्या घरून मिळून गेम खेळतो: दादा कप्तान, वहिनी, तिची बहीण आणि मी. लांबून नेम धरून टिपायचं काम माझं. रविवारी स्पर्धेची अंतिम फेरी होती आणि माझा एक नेम धड लागत नव्हता. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीकडून डोळे तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. मग हातच मंदावले की काय? दादाने सांगून टाकलं होतं, "असंच चाललं तर रविवारी तुझ्या जागी माझा मित्र खेळेल." वहिनी मध्ये पडली, "अहो, तिचा मॉनिटर किती जुना आहे बघा की!" तेवढ्या एका आशेवर मी दुकानात आले होते.

"मी स्वस्तातला घेतो," तो म्हणाला. "त्याचा वेग मला पुरे. उरलेल्या पैशांत बेकरीच्या भट्टीचं दार दुरुस्त होईल."

"मी महागातला घेणार."

"का हो?"

"कारण मग मला सबब उरणार नाही."

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. चेष्टेने नाही... अगदी मनापासून. मग त्याने फोन पुढे केला. "नंबर द्या. ज्याला पस्तावा होईल त्याने फोन करायचा."

"म्हणजे तुम्हीच करणार," मी म्हणाले आणि नंबर दिला. घरी येताना खोकं जड होतं, मी मात्र उगाचच तरंगत होते.

घरी टेबलामागच्या वायरी मी पूर्वीच पट्ट्यांनी बांधून इतक्या टापटीप ठेवल्या होत्या की त्या उकलायला मन होईना. जुना मॉनिटर काढला, त्याचीच केबल नव्याला लावली. पडदा उजळला आणि रंग असे खुलले की आईसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. मला वाटलं, सुटले!

गुरुवारच्या सरावात पहिला नेम चुकला. दुसरा चुकला. त्यापुढे मी मोजायचं सोडून दिलं. कानातल्या हेडफोनमध्ये दादा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शेवटी एवढंच म्हणाला, "उद्या संध्याकाळी एकदा बघू. नाहीतर मग..."

पुढचं वाक्य वहिनीने त्याला पुरं करू दिलं नाही.

मी उशीत तोंड खुपसून रडले. म्हणजे मॉनिटर नव्हताच कारणीभूत. मीच संपले होते. सकाळी दुकानात गिऱ्हाइकांना 'हे अक्षर वाचा' म्हणताना मीच ओळी चुकवत होते. जेवणाच्या सुट्टीत मी फोन उचलला.

"पस्तावलात?" पलीकडून खुशीतला आवाज आला.

"नाही," मी म्हणाले. "घाबरले."

त्याचं हसू तिथेच थांबलं. "आत्ता येता का? बेकरीच्या वरच आमचं घर आहे."

त्याच्या घराच्या जिन्यात ताज्या पावाचा वास भरला होता. त्याच्या आईने दार उघडलं, मला खालून वर एकदा नीट बघून घेतलं आणि "बस गं बाई" म्हणून खुर्ची पुढे केली. खिडकीपाशी तो स्वस्तातला मॉनिटर. मी बसले. तो माझ्या मागे उभा राहिला. आता त्याच्या बाहीवर पीठ होतं.

"नाही लागला नेम तर?" मी न वळता विचारलं.

"तर मला बरंच वाटेल. माझ्याहून वाईट खेळणारं कुणीतरी भेटलं म्हणून."

मी माउस हातात घेतला. पहिला नेम लागला. मला वाटलं, नशीब. दुसरा लागला. तिसरा, पळत्या माणसावरचा, तोही लागला! हात पूर्वीसारखाच चालत होता, डोळ्यांच्या बरोबरीने, जरासुद्धा मागे न राहता. मी थांबले, कारण समोरचं धूसर झालं होतं.

"हरलीस का गं?" त्याच्या आईने काळजीने विचारलं.

"नाही काकू," मी डोळे पुसत हसले. "आहे... अजून आहे मी."

काकूंना काही कळलं नाही. त्याला कळलं. त्याने हळूच रुमाल पुढे केला, तोही पिठाचा. डोळे पुसले तेव्हा माझ्या गालाला काय लागलं असेल ते सांगायला नको.

"पण मग माझ्या घरी काय होतं?"

"ते बघायलाच येतो," तो म्हणाला. "चालेल ना?"

चालेल? मला तर कधी एकदा संध्याकाळ होते असं झालं होतं.

तो आला, आईला नमस्कार केला आणि उंच अंग कसंबसं दुमडून टेबलाखाली शिरला. मला फक्त त्याचे पाय दिसत होते. वर मी, खाली तो. बराच वेळ नुसती खुडबुड चालली होती.

"सापडलं का काही?"

"बघतोय... प्लग बघतोय."

"आणि?"

"आणि धूळ बघतोय. खूप आहे."

"अहो!"

शेवटी आवाज आला, "ही केबल कुठली?"

"जुन्या मॉनिटरची."

"आणि नव्याबरोबर आलेली?"

मी खोकं उघडलं. ती तळाशी तशीच, पिशवीचं तोंडही न उघडलेली! तो बाहेर आला तो हसू दाबतच. "हौद भरलेला आणि नळी बोटाएवढी. जुन्या केबलमधून या मॉनिटरचा वेग येणार कसा? हा बिचारा इतके दिवस जुन्याच्याच चालीने चालत होता."

महागातला मॉनिटर घेऊन मी त्याला मुंगीच्या पावलांनी चालवत होते! लाजेने माझे कान तापले. त्याने नवी केबल लावली, सेटिंगमध्ये वेग वाढवला, आणि पडद्यावरचा बाण असा अलगद सरकला की मी 'आई गं' म्हणाले. तेवढ्यात दादाचा फोन आला, सराव सुरू झाला, आणि मी एक नेम सोडला नाही. हेडफोनमध्ये वहिनीने आनंदाने किंकाळी फोडली. दादा नुसता म्हणाला, "रविवारी वेळेवर ये. माझ्या मित्राला मी कळवतो."

मी हेडफोन काढला. वळून बघते तर तो चपला घालत होता.

"निघालात?"

"झालं ना काम," तो म्हणाला. "आता काय कारण..."

इतके दिवस मी नेम चुकायच्या भीतीने मेले होते. ही वेळ मला चुकवायची नव्हती.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. सरळ. न अडखळता.

एक चप्पल पायात, एक हातात, असा तो उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मला एक कबूल करायचंय. रागावू नकोस. ती केबल... मला खाली गेल्या गेल्या दिसली होती."

"काय? मग एवढा वेळ...?"

"धूळ बघत होतो. सापडली म्हटलं असतं तर घरी जावं लागलं असतं."

मी रागवायला तोंड उघडलं, पण आलं ते हसू. पिठाच्या बाहीला धरून मी त्याला आत ओढलं.

"काय गं," आई स्वयंपाकघरातून ओरडली, "झाला का तुझा मॉनिटर दुरुस्त?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे.

"नाही आई," मी म्हणाले, "खूप वेळ लागणार आहे याला."

आणि तो शहाण्यासारखा चपला काढून पुन्हा टेबलाखाली गेला. या वेळी त्याच्या मागोमाग मीही.